चांगआनचा विद्यार्थी

ह्युएनत्संगाचे नाव भारतीय श्रोत्याला अपरिचित नाही. नालंदेच्या महाविहारात राहून त्याने येथील विद्या आत्मसात केली, पुलकेशीच्या महाराष्ट्राचीही यात्रा केली, येथील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन लिहून ठेवले आणि इसवी सन ६४५ मध्ये ग्रंथांचा प्रचंड संभार घेऊन तो आपल्या राजधानीत, चांगआन नगरीत, परतला. परक्या देशी जाऊन परकी भाषा शिकावी आणि ती विद्या घेऊन मायदेशी यावे, अशा विद्यार्थ्याचा तो आदर्शच होय. परंतु विद्येसाठी घर सोडणारा प्रत्येक जण असा परतत नाही. ह्युएनत्संग परतल्यानंतर बहात्तर वर्षांनी त्याच चांगआन नगरीत, पूर्वेचा समुद्र ओलांडून, विशीच्या उंबरठ्यावरचा एक जपानी तरुण चिनी विद्या शिकण्यासाठी येऊन दाखल झाला. त्याचे नाव आबे नो नाकामारो. तो शिकला, मोठ्या पदाला चढला, त्या काळच्या थोर कवींचा स्नेही झाला. घरी मात्र तो कधीच पोहोचला नाही.

ते वर्ष होते इसवी सन ७१७. जपानची नवी राजधानी नारा वसून अवघी सात वर्षे झाली होती आणि तिचे रस्ते चांगआनच्याच नमुन्यावर आखलेले होते. कायदा, पंचांग, राज्यकारभाराची घडी, बौद्ध धर्माचे ग्रंथ, सारे काही जपान त्या काळी चीनकडून घेत होता. त्यासाठी जपानी दरबार मधून मधून तांग सम्राटाकडे शिष्टमंडळ पाठवी. ७१७च्या शिष्टमंडळात चार जहाजे आणि ५५७ माणसे होती. वकील, दुभाषे, खलाशी यांच्याबरोबर त्यांत काही निवडक विद्यार्थीही होते. वकिलांनी वर्ष-दीड वर्षात परतायचे. विद्यार्थ्यांनी मात्र पुढचे शिष्टमंडळ येईपर्यंत राहायचे, असा रिवाज होता. हे पुढचे शिष्टमंडळ आले ७३३ मध्ये आणि त्याच्या पुढचे ७५२ मध्ये. म्हणजे विद्यार्थ्याची मुदत कोणी ठरवून दिलेली नसे. जहाज येईल तेव्हा ती संपे, आणि वाटेत जहाज बुडाले नाही तरच तिचा काही उपयोग. नाकामारोबरोबर किबी नो माकिबी नावाचा, त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी होता. गेन्बो नावाचा एक भिक्षूही होता. या सोबत्यांपैकी कोणाच्या वाट्याला काय येणार, हे निघताना कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते.

चांगआन हे त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक होते. सुमारे छत्तीस किलोमीटर घेराचा तट, सरळ रेषेत आखलेले राजमार्ग, शंभरावर पुरे आणि दहा लाखांच्या घरातील वस्ती. प्रत्येक पुऱ्याला स्वतंत्र भिंत होती. संध्याकाळी नगारे वाजले की पुऱ्यांचे दरवाजे बंद होत आणि रात्री राजमार्गावर फिरण्यास मनाई असे. पश्चिमेच्या बाजारपेठेत इराणी आणि मध्य आशियाई व्यापाऱ्यांची गर्दी असे. भारतही तेथे अनुपस्थित नव्हता. शुभाकरसिंह हा भारतीय आचार्य ७१६ मध्ये म्हणजे नाकामारोच्या आगमनाच्या आदल्या वर्षीच तेथे पोहोचला होता. भारतीय वंशाचा गौतम सिद्ध हा राजकीय ज्योतिष खात्याचा प्रमुख होता आणि ७१८ मध्ये त्याने नवग्रहांचे भारतीय गणित चिनी भाषेत उतरवले. ह्युएनत्संगाने आणलेल्या ग्रंथांसाठी बांधलेला उंच स्तूप-मनोरा नगराच्या दक्षिण भागात उभा होता. नवख्या विद्यार्थ्याला दिशा कळण्यासाठी याहून चांगली खूण कोणती असणार!

या नगरात पाऊल ठेवणारा जपानी विद्यार्थी चिनी भाषा शिकूनच आलेला असे, आणि तरीही ती त्याला येत नसे. हा विरोधाभास समजून घेतला पाहिजे. जपानला स्वतःची लिपी अद्याप नव्हती. लिहायचे ते चिनी अक्षरांत, आणि शिक्षण म्हणजे चिनी ग्रंथांचे पठण. त्यामुळे सुशिक्षित जपानी तरुण कन्फ्यूशियसचे वचन डोळ्यांनी वाची, अर्थ सांगे, कुंचल्याने शुद्ध चिनी मजकूर लिही. परंतु त्याच्या कानावर पडलेले उच्चार जुने होते. बऱ्याच पूर्वी, कोरियाच्या आणि दक्षिण चीनच्या वाटेने ते जपानात आले होते आणि जपानी जिभेवर रुळून गेले होते. चांगआनची बोली निराळी होती. शिवाय चिनी भाषेत सूर हा शब्दाचाच भाग असतो. तेच अक्षर सपाट सुरात उच्चारले तर एक अर्थ, चढत्या सुरात दुसरा. जपानी भाषेत असे सूर नाहीत. न्यायशास्त्राची कठीण पंक्ती लीलया लावणारा दक्षिणेतला विद्यार्थी काशीच्या घाटावर नावाड्याशी दोन वाक्ये बोलताना अडखळावा, तशीच ही गत. पूर्व आशियातले परदेशी अशा वेळी कागद आणि कुंचला पुढे ओढीत. जीभ थांबे तेथे अक्षर बोले. पण कागदावर व्यवहार होतो, मैत्री होत नाही.

या विद्यार्थ्यांच्या पहिल्या दिवसांची एक लहानशी पण बोलकी नोंद तांग राजवंशाच्या जुन्या इतिहासात सापडते. जपानी मंडळींनी विनंती केली की आम्हांला अभिजात ग्रंथ शिकवण्यासाठी एखादा पंडित द्यावा. सम्राट श्वेनझुंगने चाओ श्वेनमो नावाच्या उपाध्यायाला आज्ञा केली, आणि परदेशी पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीतच हे वर्ग सुरू झाले. विद्यार्थ्यांनी गुरुदक्षिणा म्हणून रुंद पन्ह्याचे कापड दिले. ते जपानात करापोटी जमा झालेले कापड असून त्यावर तशी कालनिर्देशासह अक्षरे होती. ती अक्षरे पाहून चिनी मंडळींना ती खरी असावीत की नाही अशी शंका आली, असेही इतिहासकाराने नमूद केले आहे. दूरच्या बेटावरच्या लोकांना स्वतःचा संवत्सर असावा, हे राजधानीतल्या लोकांना पटणे जड गेले असावे. परक्या मुलखातल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्या दिवशी येते ते बहुधा हेच: त्याने आदराने पुढे केलेली वस्तू संशयाने उलटून पाहिली जाते. तोच इतिहासकार पुढे लिहितो की या लोकांनी मिळालेल्या साऱ्या देणग्या ग्रंथखरेदीत खर्च केल्या.

नाकामारो केवळ या वर्गापुरता राहिला नाही. छू ग्वांगशी या कवीने त्याला उद्देशून लिहिलेल्या कवितेवरून तो राजधानीतील थाय-श्वे या राजकीय महाविद्यालयात शिकला असे दिसते. हे महाविद्यालय वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होते. तेथे आचारधर्माचे ग्रंथ, प्राचीन इतिहास आणि काव्य यांचा अभ्यास असे. कन्फ्यूशियसची वचने आणि मातृपितृभक्तीचा ग्रंथ हे दोन तर प्रत्येकाला अनिवार्यच होते. आई-बापांना सोडून समुद्रापार आलेल्या मुलाने मातृपितृभक्तीचा पाठ परक्या भाषेत मुखोद्गत करावा, यातील दुःख पुढे वाढतच जाणार होते. याच सुमारास त्याने चाओ हेंग हे चिनी नाव घेतले. युवराजाच्या ग्रंथालयात पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या संशोधकाची नेमणूक त्याला मिळाली. ज्याच्या जिभेवर सूर चढत नव्हते, तोच आता चिनी ग्रंथांतील चुका दुरुस्त करू लागला.

मैत्री जुळली ती याच टप्प्यावर. तांग काळात सुशिक्षित माणसांच्या स्नेहाचे चलन म्हणजे कविता. मित्र दूरच्या नेमणुकीवर निघाला की कविता, भेटला की कविता, त्याने पाठवलेल्या कवितेला त्याच यमकात उत्तर. आणि या कवितेचे नियम सुरांवर उभे होते. ओळीत सपाट सुराचे अक्षर कोठे यावे आणि इतर सुरांचे कोठे, हे कानाला कळल्याखेरीज ओळ बसत नसे. म्हणून चांगआनमध्ये भाषा शिकणे आणि मित्र मिळवणे ही दोन कामे नव्हतीच. कान तयार झाला की मैत्रीचे दार उघडे. छू ग्वांगशीनंतर वांग वेई, आणि पुढे ली पो, अशी चिनी काव्यातील अग्रगण्य नावे या परदेशी माणसाच्या स्नेहवर्तुळात दिसू लागतात. जपानी दरबाराने त्याला ग्रंथ, कायदे आणि पंचांगे शिकण्यासाठी पाठवले होते. मित्र जोडण्याचे काम कोणीही सांगितलेले नव्हते.

सोळा वर्षांनी, ७३३ मध्ये, पुढचे शिष्टमंडळ आले. सोबत्यांच्या वाटा येथे फुटल्या. माकिबी आणि गेन्बो परत निघाले आणि वादळातून वाचून ७३५ मध्ये नाराला पोहोचले. माकिबीने १३० खंडांचा राजविधींचा ग्रंथ, नव्या चिनी पंचांगाच्या पोथ्या, सावली मोजण्याची लोखंडी पट्टी आणि संगीताचे स्वर ठरवण्याच्या नळ्या दरबारात सादर केल्या. गेन्बोने पाच हजारांहून अधिक बौद्ध पोथ्या नेल्या. दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे दैव निराळे होते. २००४ मध्ये शिआन शहराच्या, म्हणजे जुन्या चांगआनच्या, पूर्व भागात एक शिलालेख उजेडात आला. तो जिंग झेनचेंग असे चिनी नाव घेतलेल्या एका जपानी विद्यार्थ्याचा स्मृतिलेख आहे. ७३४ च्या आरंभी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो चांगआनमध्येच वारला. तोही ७१७च्या जहाजांतूनच आला असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे. देह परक्या मातीत राहिला तरी आत्मा घराकडे जावो, अशा आशयाने तो लेख संपतो.

नाकामारो यांपैकी कोणत्याच वाटेने गेला नाही. वृद्ध आई-बापांचे कारण देऊन त्याने परतण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली, असे परंपरा सांगते. गुणी माणसाला सोडण्यास सम्राट तयार नव्हता. मागे राहिलेल्या या विद्यार्थ्याचा त्याच्या देशाला उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर लवकरच मिळाले. परतणाऱ्या ताफ्यातील एक जहाज भरकटत आग्नेय आशियाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरच्या ११५ जणांपैकी बहुतेक जण हल्ल्यात आणि रोगराईत मेले. चौघे जण कसेबसे पुन्हा चांगआनला आले. जपानी राजवृत्तांत सांगतो की तेथे नाकामारोने त्यांच्यासाठी सम्राटाकडे शब्द टाकला, म्हणून त्यांना उत्तरेच्या पोहाय राज्याच्या वाटेने मायदेशी जाता आले. ७३९ मध्ये ते पोहोचले. तो शब्द टाकता आला, कारण तो कोणाच्या कानात आणि कोणत्या रीतीने टाकावा, हे तेथे राहिलेल्या माणसालाच कळत होते.

याच ताफ्यातील आणखी एका जहाजाचा भारताशी थेट संबंध आहे. ते ७३६ मध्ये जपानला पोहोचले, तेव्हा त्यावर बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू होता. पुढे ७५२ मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरातील महाकाय बुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्याच हस्ते झाला. आज जपानी मूल आपली वर्णमाला म्हणते ती अ, इ, उ अशा स्वरांनी सुरू होते आणि मग क, स, त, न या क्रमाने पुढे जाते. चीनमार्गे जपानात रुजलेल्या संस्कृत वर्णाभ्यासाचा तो ठसा आहे. समुद्रावर जहाजे बुडत होती, तरी त्यांतून अक्षरे पार होत होती.

नाकामारो चांगआनमध्ये चढत गेला. राजकीय ग्रंथालयाच्या प्रमुखपदापर्यंत तो पोहोचला. ली पोच्या एका कवितेत त्याच्या मैत्रीचा एक साधा, घरगुती पुरावा आहे. वेई वान नावाच्या आपल्या तरुण मित्राचे वर्णन करताना ली पो त्याच्या अंगावरील जपानी डगल्याचा उल्लेख करतो आणि तळटिपेत सांगतो की हा डगला चाओने दिलेल्या जपानी कापडाचा आहे. गुरुदक्षिणेच्या वेळी ज्या देशाच्या कापडाकडे संशयाने पाहिले गेले, त्याच देशाचे कापड आता चिनी कवीचा मित्र मिरवीत होता. मधल्या तीन-साडेतीन दशकांत काय घडले, ते या दोन कापडांनी सांगितले आहे.

७५२ मध्ये पुन्हा जपानी शिष्टमंडळ आले. त्याचा प्रमुख होता फुजिवारा नो कियोकावा, आणि उपप्रमुखांपैकी एक होता किबी नो माकिबी. एकाच ताफ्यातून आलेले दोन विद्यार्थी पस्तीस वर्षांनी समोरासमोर आले. एक मायदेशाचा दूत होता, दुसरा चीनचा अधिकारी. या वेळी सम्राटाने नाकामारोला जाण्याची अनुमती दिली. वांग वेईने त्याला निरोप देताना कविता लिहिली आणि तिला दीर्घ प्रस्तावनाही जोडली. निघण्यापूर्वी किनाऱ्यावर, उगवता चंद्र पाहून नाकामारोने जपानीत एक लहानशी कविता रचली, असे परंपरा सांगते. घरच्या डोंगरावर उगवणारा चंद्र तो हाच का, असा तिचा भाव आहे. सुमारे ९०५ मध्ये संकलित झालेल्या राजकीय काव्यसंग्रहात ती आहे आणि आजही जपानी घरांत पाठ असते. दहाव्या शतकातील एका जपानी प्रवासवृत्तात या प्रसंगाचा एक तपशील सांगितला आहे: ही कविता तेथील लोकांना कळणार नाही असे वाटून त्याने तिचा आशय चिनी अक्षरांत लिहिला आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्याकडून समजावून दिला, तेव्हा त्यांनी अनपेक्षितपणे तिची वाहवा केली. एवढी वर्षे तो मित्रांशी त्यांच्या भाषेत बोलत आला होता. निघण्याच्या घटकेला प्रथमच मित्रांना त्याची भाषा समजून घ्यावी लागली.

७५३ च्या अखेरीस चार जहाजे निघाली. त्यांपैकी एका जहाजावर च्येनचेन हा वृद्ध, अंध चिनी भिक्षू होता; पाच प्रयत्न फसल्यावर या वेळी तो जपानला पोहोचला. माकिबीचे जहाजही पोहोचले. कियोकावा आणि नाकामारो यांचे जहाज मात्र वादळाने आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावर नेऊन टाकले. बहुतेक सहप्रवासी तेथे मारले गेले. नाकामारो बुडाला अशी वार्ता चीनमध्ये पसरली आणि ली पोने मित्राच्या मृत्यूवर शोककविता लिहिली. तीतही चंद्राचीच प्रतिमा यावी, हा योगायोग हृदयाला चटका लावणारा आहे. पण मित्र जिवंत होता. ७५५ मध्ये तो आणि कियोकावा चांगआनला परत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस आन लू-शानचे बंड पेटले, राजधानी बंडखोरांच्या हाती पडली आणि सम्राटाला पळावे लागले. नाकामारोच्या परतीची वाट कायमची बुजली. ७६० नंतरच्या दशकात तांग सम्राटाने त्याला, जेथे त्याचे जहाज लागले होते त्या आन्नाम प्रांताचाच कारभारी नेमले. ७७० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या-त्र्याहत्तराव्या वर्षी, चीनमध्येच त्याचा अंत झाला.

माकिबी मायदेशी उजव्या मंत्र्याच्या सर्वोच्च पदांपैकी एकावर पोहोचला आणि ७७५ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूची नोंद करताना जपानी राजवृत्तांत म्हणतो की आमच्या विद्यार्थ्यांपैकी तांग देशात ज्यांनी नाव गाजवले असे दोघेच, हा मंत्री आणि चाओ हेंग. परतलेला आणि न परतलेला, दोघांना एका ओळीत बसवण्याचा हा न्याय लक्षात घेण्याजोगा आहे. माकिबीने पेटाऱ्यांतून आणलेले ग्रंथ मोजता येत होते. नाकामारोने मिळवलेले धन मोजता येणारे नव्हते. जपान नावाच्या देशातही आपल्यासारखीच माणसे राहतात, ही खात्री त्याने चीनच्या श्रेष्ठ कवींच्या मनात निर्माण केली होती. तिची किंमत त्याच्या घराने मोजली.

ही किंमत त्याच राजवृत्तांतातील ७७९ च्या एका नोंदीत दिसते. नाकामारोचे घर विपन्न झाले होते आणि त्याचे अंत्यविधीही नीट होऊ शकले नव्हते, म्हणून दरबाराने त्याच्या कुटुंबाला रेशमी वस्त्राचे शंभर तागे आणि रेशमी कापसाचे तीनशे गड्डे दिले. त्या नोंदीत त्याची चिनी पदे नाहीत, प्रांताधिकाऱ्याचा मान नाही. त्याने घर सोडल्याला बासष्ट वर्षे झाली होती, तो मरून नऊ वर्षे लोटली होती. तरी मायदेशाच्या वहीत तो ‘पूर्वीचा विद्यार्थी’ आबे नो नाकामारो एवढाच आहे.

१९७९ मध्ये शिआनमधील शिंगछिंग उद्यानात, जेथे एके काळी सम्राट श्वेनझुंगचा प्रासाद होता, नाकामारोचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर त्याची चंद्राची कविता चिनी रूपात आणि ली पोची शोककविता अशा दोन्ही कोरलेल्या आहेत. एक मित्र घराची आठवण काढतो आहे, दुसरा त्या मित्राची. हयातीत दोन भाषांच्या मध्ये उभा राहिलेला हा विद्यार्थी तेथे आपल्या मित्रासह एकाच स्मारकावर आहे.